एकशे बारावा ठोका

गेल्या डिसेंबरात मी माझ्या मुलीला दिलेली दाद अजून त्या हॉलमध्येच आहे. ऋजुताच्या हातातली काठी आणि तिचा ट्रँगल यांच्या मधोमध ती अडकली. तेव्हा नारळाएवढी होती.

ऋजुता बारा वर्षांची आहे. मुलांच्या ऑर्केस्ट्रात ट्रँगल वाजवते, म्हणजे बहुतेक वेळ वाजवत नाही. पहिल्या कार्यक्रमात तिला मनातल्या मनात एकशे अकरापर्यंत मोजायचं होतं आणि एकशे बाराव्याला एकदा, एकदाच, वाजवायचं होतं. एकशे अकराला सगळी व्हायोलिनं थांबली. तिने मनगट किंचित वळवून काठी उचलली. मी मिरजेत वाढलेला माणूस, समेच्या आधीची ती जागा मला कळते. तिथे गप्प बसणाऱ्याला आमच्याकडे औरंगजेब म्हणतात. मी मोठ्यांदा "वाऽऽ" म्हणालो.

काठी खाली आली ती दादेवर आपटली. आवाज झालाच नाही.

"तुमची आहे ना? घेऊन जा," मस्करेन्हस सर म्हणाले. ऑर्केस्ट्रा तेच बसवतात. मी दोन्ही हातांनी ओढून पाहिली, पिशवीत कोंबून पाहिली. ती हलेना.

"आम्ही घरूनच टाळ्या वाजवून येतो," बर्वेबाई म्हणाल्या. त्यांचा मुलगा चेलो वाजवतो. "म्हणजे इथे काही सांडत नाही."

एकशे बारावा वाजला नाही, त्यामुळे ऋजुताला मोजणं थांबवता येईना. मोजतच ती रिक्षात बसली, मोजतच घरी आली.

"जेवतेस ना?" मी विचारलं.

"चार हजार नव्वद," ती म्हणाली.

"अहो, तिच्या मोजण्यामध्ये बोलू नका," बायको म्हणाली. "चुकली तर पोरीला पुन्हा एकपासून मोजावं लागेल."

मार्चपर्यंत ती लाखांत पोचली. शाळेत हजेरीला आकडा सांगायची, झोपेतही तिचे ओठ हलायचे. आकड्यांखेरीज एक शब्द ती माझ्याशी बोलली नाही. माझी चिडचिड व्हायला लागली. एवढ्याशा चुकीची शिक्षा ती किती? मी काही शिवी दिली नव्हती, पोटच्या पोरीचं कौतुक केलं होतं. रविवारच्या तालमीला मी सरांना हे तोंडावर सुनावलं.

"हळू बोला," सर म्हणाले. "ती वाढते."

दाद खरंच वाढली होती. आता ती कलिंगडाएवढी होती, आणि तिला जागा देता देता हॉल आत येत होता. दर रविवारी खुर्च्यांची एक रांग कमी व्हायची. पालक आधी जिन्यात गेले, मग खिडक्यांबाहेर. मला मात्र दर वेळी एक रांग पुढे घेत, कारण वस्तू माझी होती. बाहेरून बाकीचे आईबाप माझ्या पाठीकडे बघत असायचे. त्यांचं काय जातं बघायला.

या रविवारी हॉल आमच्या स्वयंपाकघराएवढा उरला. साठ मुलं कोपरं पोटाशी घेऊन उभी होती. माझे गुडघे ऋजुताच्या गुडघ्यांना लागत होते.

"बाहेर निघत नाही, तर जिथून आली तिथे जाऊ दे," सर म्हणाले. "तोंड उघडा."

मी उघडलं. ट्राँबोनवाल्या चार मुलांनी दाद ढकलून माझ्या तोंडात घातली. ती घशापर्यंत गेली आणि तिथेच बसली.

"आता ठोका वाजेल आणि तुमची मुलगी सुटेल," सर म्हणाले. "पण दाद परत बाहेर आली, तर तिची मोजणी एकपासून."

मी मान हलवली. मला दुसरं काही नको होतं. ऋजुताने एकदा काठी खाली ठेवावी आणि मला बाबा म्हणावं, एवढंच हवं होतं.

बोटभर जागेत व्हायोलिनं वाजली आणि थांबली. ऋजुताने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. ओठ मोजत होते, तरी त्यातल्या त्यात तिने मान हलवून मला नको म्हटलं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

तिने काठी उचलली. तीन महिने दर तालमीत तिने दुसरं काही केलंच नव्हतं. मनगट डिसेंबरातल्यापेक्षाही सुरेख वळलं.

खिडकीतून बर्वेबाईंनी हात घालून माझ्या हातांवर ठेवला. त्यावर सरांनी आपला ठेवला. काठी खाली यायला लागली, आणि सगळ्यांच्या हातांखाली माझे गाल फुगायला लागले.