काचेवरचं चित्र

ग्लेनिसनं उलथन्याचं टोक भिंतीत खुपसलं आणि तळहाताएवढा गिलावा लगदा होऊन बादलीत पडला. परवाच तिनं हा कोपरा सुकवून रंगवला होता. "मेले," ती पुटपुटली आणि पुन्हा खरवडायला लागली.

भिंतीपलीकडे पॅस्कोचं कापडदुकान. एके काळी गावातली निम्मी लग्नं त्या दुकानाच्या कपड्यांत लागली. आता आठ वर्षं त्याला कुलूप. पन्हळ तुटलेली, आत कबुतरांनी संसार थाटलेला, आणि छपरावरचं सगळं पाणी ग्लेनिसच्या भटारखान्याच्या भिंतीत मुरत होतं. मालक ॲडलेडला. दुकान पाडून हॉटेल बांधणार म्हणे. फोन केला की त्याचा माणूस गोड आवाजात सांगायचा, आराखडा मंजुरीला गेलाय. कसला आराखडा नि कसली मंजुरी! जागेचा भाव चढायची वाट बघत बसलाय, हे शेंबडं पोरही सांगेल.

नगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक मात्र बरोबर ग्लेनिसच्या दारात आला. महिनाअखेर भिंत कोरडी दिसली नाही तर बेकरी बंद. आणि मालकाला नोटीस? तो बाहेरगावी असतो हो, काय करणार. आईच्या हातून घेतलेलं दुकान दुसऱ्याच्या पन्हळीपायी जाणार, या विचारानं तिला घास गिळवत नव्हता.

नगरपालिकेनं काहीच केलं नाही असं नव्हे. रिकाम्या दुकानांच्या काचांवर चित्रं चिकटवली. फुलं, चीज, हसऱ्या बायका. रस्ता भरलेला दिसावा म्हणून! पॅस्कोच्या काचेवर तर ताजे पाव. परगावची माणसं गाडीतून उतरायची, ते दार ढकलायची, काचेवर टकटक करायची, आणि वैतागून निघून जायची. खरी बेकरी शेजारीच. गल्ल्यामागून हे बघताना ग्लेनिसच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गेल्या आठवड्यात सभेत तिनं हीच बादली नगराध्यक्षांच्या टेबलावर नेऊन आदळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तावातावानं भाषणं केली. तुमच्या भावना पोचल्या, असं नगराध्यक्ष म्हणाले. मग सगळ्यांनी चहा-बिस्किटं घेतली आणि घर गाठलं.

तिनं हात पुसले आणि भट्टीतून पास्ट्या काढल्या. मांस-बटाट्याचं सारण, करंजीसारखी मुरड आणि कोपऱ्यावर ज्याच्या त्याच्या नावाचं पिठाचं अक्षर. गावातल्या खाणी चालू होत्या तेव्हापासूनची रीत. त्यातली एक कॉलिनची. नगरपालिकेत होता, तिच्या लेकाच्या वर्गातला. रोज चहाच्या सुट्टीत यायचा.

आज तो बाहेरच थांबलेला दिसला, हातात मोजपट्टी घेऊन. ग्लेनिसचा जीव भांड्यात पडला. बादली कामी आली म्हणायची. ती लगबगीनं बाहेर गेली.

"पन्हळ वर आहे रे. माझी काच कसली मोजतोस?"

कॉलिननं पट्टी गुंडाळली. पुन्हा उलगडली.

"ग्लेनिस, रागावू नका. चित्र छापून यायला वेळ लागतो. म्हणून माप आधीच घेऊन ठेवतात."



"मी दुकान बंद करतेय, हे कोण म्हणालं?"

"कुणी नाही." त्यानं मान खाली घातली. "या खेपेला नुसते पाव नको म्हणालेत. तुमचाच फोटो हवाय. ॲप्रन घालून, हसताना. लोकांना बरं वाटेल."

ग्लेनिस आत गेली. आता दार आपटणार, म्हणून कॉलिन दोन पावलं मागे सरला. ती बाहेर आली ती बादली घेऊन. कोपरापर्यंत ओला चुना, केसांत गिलाव्याचा चुरा. बादली छातीशी धरून ती आपल्या काचेपुढे उभी राहिली.

"काढ."

त्यानं फोन वर केला, मग खाली घेतला.

"ग्लेनिस, असं नको. जरा तरी हसा."

"काढ म्हणते ना. आणि असाच छाप. काचेएवढा."

शेजारी एक जोडपं गाडीतून उतरून पॅस्कोचं दार ढकलत होतं. ग्लेनिसनं तिकडे बघितलं नाही. बादलीच्या वजनानं तिचे हात भरून आले होते, पण कॉलिनचं बोट दाबलं जाईपर्यंत तिनं ती खाली ठेवली नाही.