निरोगी गावाचा बांबू

करंबखोल गावाला पहिल्या वर्षी कोरोना शिवला नाही, याचं अर्धं श्रेय गावप्रमुख भिकाजी गावकर एका बांबूला देत. उरलेलं अर्धं, फारच आग्रह झाला तर, स्वतः घेत. आग्रहही बहुतेक वेळा त्यांनाच करावा लागे.

टाळेबंदी लागली तसा त्यांनी वेशीवर बांबू आडवा घातला, देवाला गाऱ्हाणं घातलं आणि दोन धट्टेकट्टे गडी पहाऱ्याला बसवले. मुंबईहून चाकरमानी आले, कुणी चालत, कुणी टेम्पोत दडून. सगळे बांबूवरूनच परत गेले. त्यांचा स्वतःचा मुलगा सागर आला, तोही. "नियम म्हंजे नियम," भिकाजी म्हणाले, आणि गावानं त्यांची वाहवा केली. सागर गुमान खाडीपलीकडच्या खाजणवाडीत, आपल्या आजोळी, जाऊन राहिला.

खाजणवाडीनं मात्र आल्यागेल्याला घरात घेतलं. गणपतीपर्यंत अर्धी वाडी खोकत होती. काही म्हातारी माणसं गेली. त्यात गोदाचा, म्हणजे भिकाजींच्या बायकोचा, थोरला भाऊ बाबल्याही गेला. भिकाजींनी तिला बाराव्यालासुद्धा जाऊ दिलं नाही. "बाटलेला गाव हाय तो," म्हणाले. गोदा परसात जाऊन रडली आणि आत येऊन भाकऱ्या थापायला बसली. तिला दमा होता, रडणंही तिला बेतानंच परवडायचं.

पुढल्या वर्षी शिमगा आटपल्यावर आरोग्य केंद्राच्या नर्सबाई रसिका लशीची निळी पेटी घेऊन वेशीवर आल्या. भिकाजींनी त्यांना नारळ दिला आणि बांबू काही उचलला नाही.

"बाई, आमच्या गावात रोगच नाय, तर औषध कुणाला देताव? ज्यांच्यात रोग हाय त्यांना द्या. खाजणवाडीला न्या."

"गावकर, उलट आहे," रसिकाबाई म्हणाल्या. "तिथं बऱ्याच जणांना होऊन गेलाय. त्यांच्या अंगाला तो थोडातरी ओळखीचा आहे. तुमच्या गावात कुणालाच ओळखीचा नाही. एक जरी आत आला तरी अख्खं गाव अंथरूण धरेल."

"येतोय कसा? बांबू हाय ना."

आता रोगानं बांबूखालून वाकून यायचं म्हटलं तर त्याला कोण अडवणार, हा प्रश्न गावात कुणाला पडला नाही. पडला तो एकट्या गोदाला.

"अवो, मी घेतंय लस," ती त्या संध्याकाळी म्हणाली. "दर वर्षी आपण बागेभवतीचं गवत आपल्याच हातानं जाळताव. का? तर वणवा आला म्हंजे त्या पट्ट्याशी थांबतो. लस म्हंजे तेच की. खाजणवाडीत वणवाच येऊन गेला, माझा भाऊस गेला त्यात. आता तिथं जळायला फारसं उरलं नाय. आपलं गवत मातूर सगळं उभं हाय."

"गवत वेगळं, माणूस वेगळा," भिकाजी म्हणाले. पंचक्रोशीत कलमांच्या बागेभोवती त्यांच्याइतका नेटका पट्टा कुणी जाळत नसे. पण शहाणपण बागेत ठेवून घरी यायची त्यांची जुनी सवय होती.

लस खाडीपलीकडे गेली. खाजणवाडीनं रांग लावून घेतली आणि भिकाजींचे आभारही मानले. ते आभार त्यांनी मोठ्या मनानं स्वीकारले.

मग रत्नागिरीहून निरोप आला. मांडवीला एका हॉलमध्ये कोरोनामुक्त गावांच्या प्रमुखांचा सत्कार होता. जमावबंदी असल्यामुळे पोलिसांना दिसू नये म्हणून आयोजकांनी दारंखिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. आत निरोगी गावांचे निरोगी प्रमुख खुर्चीला खुर्ची लावून बसले. फोटोसाठी सगळ्यांनी मास्क काढले. भिकाजींच्या शेजारचे गृहस्थ भाषणभर खोकत होते, पण ते गहिवर दाटून आल्यामुळे असेल असं भिकाजींना वाटलं.

शाल आणि नारळ घेऊन ते परतले, तेव्हा पहारेकऱ्यांनी ढोल वाजवून बांबू उचलला. वर्षभरात त्या बांबूनं एवढ्या आनंदानं कुणाला आत घेतलं नव्हतं. शिमग्यात पालखी घरोघर जाते तशी मग ती शाल घरोघर गेली. प्रत्येक ओटीवर भिकाजींनी सत्काराची हकिकत सांगितली, प्रत्येकानं शाल अंगावर घेऊन फोटो काढला. शेवटी घरी येऊन त्यांनी ती गोदाच्या खांद्यावर घातली. "तुझा बी मान हाय गो," ते म्हणाले. लग्नानंतर इतक्या मायेनं ते क्वचितच बोलले असतील.

आधी त्यांनाच ताप भरला. ऊन लागलं म्हणाले. मग शेजारी खोकला लागला, मग त्याच्या शेजारी. बघता बघता न खोकणारं घर उरलं नाही. पहारेकरी अंथरुणात कण्हत पडले, बांबू तेवढा आडवा राहिला. काशी म्हातारी गेली, तिला खांदा द्यायला चार माणसं उभी राहीनात.

आणि एका सकाळी गोदाला श्वास पुरेना. ओठ निळे पडले. भिकाजी दारोदार हाक मारायला गेले, पण ज्याला त्याला स्वतःलाच उठवत नव्हतं. शेवटी त्यांनी सागरला फोन लावला.

सागर खाजणवाडीतली माणसं घेऊन होडीनं आला. त्यातल्या कुणाला रोग होऊन गेला होता, कुणी भिकाजींनी धाडलेली लस घेतली होती. वेशीवर भिकाजी वाट बघत उभे होते. सागर अलीकडेच थांबला. बांबूवर हात ठेवून त्यानं विचारलं, "बाबा, येऊ आत?"

भिकाजींनी स्वतः बांबू उचलला आणि एवढ्याशा श्रमानं धापा टाकत तिथंच बसले. गोदाला खुर्चीत बसवून माणसांनी धावत नेलं.

ती वाचली. ऑक्सिजनवर बरेच दिवस काढले, पण वाचली. मात्र इस्पितळातून निघाली ती थेट माहेरी गेली.

पावसाच्या तोंडावर रसिकाबाई लशीची पेटी घेऊन पुन्हा आल्या आणि गावच्या शाळेत बसल्या. रांगेत पहिला मान गावकरांचा, म्हणून भिकाजी बाही वर करूनच शाळेत शिरले.

"तुम्हाला होऊन गेलाय ना?" बाई म्हणाल्या. "मग आता तीन महिन्यांनी या. नियम आहे."

मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. भिकाजींनी बाही खाली केली आणि तसेच होडीत बसून खाजणवाडीला गेले. वेशीवर ते सवयीनं थांबले, कुणी उचलेल म्हणून. तिथं उचलायला काहीच नव्हतं.

गोदा ओटीवर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आदी आत जाऊन दादाच्या फोटोला हात जोडा. बाराव्याचं ऱ्हायलंय."

ते हात जोडून बाहेर आले. बाबल्याच्या फोटोला लावलेला हार केव्हाच सुकला होता. "घरी चल," ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मनाबी तीन म्हयने थांबायचं हाय. हितं लस घेतंय, मग बगू," गोदा म्हणाली. "हितं मना धाप लागली तर उचलायला माणसं हायत. तुमी जावा. तुमचा बांबू सांबाळा."