शंभूचा दरवाजा

शैलेशने गेममध्ये आवाजाने बोलायची सोय करायला घेतली ती कंपनीसाठी नव्हे, शंभूसाठी. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगून उपयोगही नव्हता. कंपनीचे मालक दयानंदसर, त्यांना भावांपेक्षा कामाच्या मुदती जास्त कळत.

मारुंजीत हैबतरावांच्या नव्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, ही पाच माणसांची कंपनी. साल दोन हजार नऊ. त्यांचा एकच गेम होता : चार-चार जणांचे दोन संघ, एकाने किल्ला राखायचा, दुसऱ्याने घ्यायचा. खेळायला माऊस पुरे. पण एकमेकांशी बोलायचं तर टाइप करावं लागे. तिथेच शंभूचं घोडं अडलं होतं.

शंभू म्हणजे शैलेशचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडला, मानेचा मणका गेला. औशाच्या घरात तो खाटेवर असे, आणि उजव्या हाताची दोन बोटं तेवढी त्याचं ऐकत. त्या दोन बोटांनी तो माऊस असा चालवी की धडधाकट माणसाने तोंडात बोट घालावं. पण सोबती विचारत, ‘कुठे आहेस?’ आणि हा गप्प. त्यांना वाटे, शिष्ट आहे. मग मतं घेऊन त्याला संघातून काढून टाकत. एका आठवड्यात अकरा वेळा काढलं.

“दादा, त्यांना सांग ना, मला लिहिता येत नाही म्हणून,” तो फोनवर म्हणाला होता. शैलेश कुणाकुणाला सांगणार?

म्हणून दोन महिने तो हेडफोन लावून “ऐकू येतंय का?” असं ओरडत बसला. खालून हैबतराव वैतागून म्हणाले, “येतंय की! समद्या मारुंजीला येतंय! आता काय दवंडी पिटायची हाय का?”

सर आधीपासूनच धास्तावलेले. लोक शिव्या देतील, आईबाप तक्रारी करतील, गेमचं नाव जाईल. “शनिवारी दुपारी दोन तास चालू करू,” ते म्हणाले. “काही वावगं झालं तर हा विषय कायमचा संपला.” एकेका खेळाडूचा आवाज बंद करायचं बटण करायला आणखी आठवडा लागला असता. शैलेशला तेवढा धीर कुठला? सगळ्यांचा आवाज एकदम बंद होईल, एवढीच सोय त्याने ठेवली. घाई माणसाला अशी आंधळी करते.

शनिवारी चार वाजता शंभूचा आवाज आला. “मी शंभू. औशाचा. पूर्वेचा दरवाजा माझ्याकडे.”

“अरे, ह्याला तोंड आहे की!” कुणीतरी हसलं. शंभूही हसला. शैलेशचे डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या जुईलीपासून लपवायला तो उगाच पडद्याजवळ वाकला.

वीस मिनिटं झकास गेली. मग शंभूचं एक बोट आखडलं असावं. दरवाजा पडला, किल्ला गेला.

“ए बैला, झोपला होतास का? हात मोडलेत का तुझे?” तोच मघाचा हसणारा पोरगा. पुढे त्याने आईवरून जी शिवी दिली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

शैलेशच्या अंगाची लाही लाही झाली. शंभू काहीतरी बोलायला लागला होता, “ए...” एवढंच ऐकू आलं. शैलेशने आवाज बंद केला. सगळ्यांचा.

सर मागेच उभे होते. “बघितलंस? तुझ्याच्यानेही ऐकवलं नाही. जुईली, सोमवारी हे सगळं काढून टाक.”

तेवढ्यात मोबाइल वाजला. औशाहून. आईने फोन शंभूच्या कानाला धरला होता.

“दादा, आवाज का गेला?”

“मी बंद केला. तो नालायक तुला...”

“अरे, मी देणार होतो ना त्याला! तोंडात आली होती.” शंभूला धाप लागली होती. “तीन वर्षं झाली, दादा. घरात सगळे माझ्याशी हळू बोलतात. आई तर देवघरात बोलावं तशी बोलते. माझ्यावर कुणी चिडतसुद्धा नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी धड भांडलं माझ्याशी. चालू कर.”

सर जिन्याकडे निघाले होते. शैलेश फोन हातात धरूनच त्यांच्या मागे धावला. “सर, एकदाच. पाया पडतो. तो माझा भाऊ आहे.”

सर थबकले. क्षणभर त्यांनाही वाईट वाटलं असावं. पण ते म्हणाले, “म्हणूनच सांगतो, शैलेश. उद्या दुसऱ्या कुणाच्या भावाला कुणी असंच बोललं तर? तू स्वतःच बंद केलंस ते बरोबर केलंस.” आणि ते जिना उतरून गेले.

शैलेशने जुईलीकडे पाहिलं. तिने सोमवारच्या कामांत ‘आवाज काढणे’ लिहून घेतलं.

“दादा,” फोनमधून शंभू घाईघाईने म्हणत होता, “झालं का चालू? लवकर कर, तो अजून तिथंच आहे.”