उलटी पुस्तकं

धोरणाचं पुस्तक टेबलावर आलं तेव्हा मी आधी ते हातात घेऊन तोललं. चांगलं जाडजूड होतं. गुळगुळीत कागद, पानोपानी हसणारी मुलं, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘ग्रंथालय प्रत्येकाच्या दारी: राष्ट्रीय विस्तार धोरण’. चौतीस वर्षं मी या ग्रंथालयाची ग्रंथपाल आहे. इतकी वर्षं वरच्यांना आमची आठवण होत नाही म्हणून मी चिडत होते. आठवण झाली तेव्हा कळलं, विसरलेलेच बरे होते.

गोडगोड भाषेत लिहिलेली गोष्ट एवढीच होती. ज्या ग्रंथालयातून रोज पंचवीसपेक्षा कमी पुस्तकं घरी नेली जातात, तिथली वाचनाची खोली बंद करायची. बदल्यात शहरातल्या सहा बसथांब्यांवर लोखंडी कपाटं ठेवायची. कार्ड लावलं की दार उघडतं, पुस्तक घ्यायचं आणि चालू लागायचं. एक खोली मोडून सहा कपाटं उभी केली, की कागदावर सेवा सहापट वाढते. याला विस्तार म्हणतात. आमचा आकडा होता अकरा.

आकडा खोटा नव्हता. पण माझ्या निम्म्याहून जास्त वाचकांना पुस्तक घरी नेताच येत नाही. सभासद व्हायला राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. आणखी तिघींबरोबर एका खोलीत राहणाऱ्या परिचारिकेला तो कोण देणार? घरमालक तर ती तिथे राहते हेच कबूल करत नाही. इलेक्ट्रिशियन दर चार महिन्यांनी जागा बदलतो. ज्यांच्याकडे पुरावा आहे, त्यांच्या घरी बसायला शांत कोपरा नाही. ही सगळी माणसं इथेच येऊन वाचतात, घड्याळ बघून उठतात आणि उद्या पुढचं वाचतात.

त्यांच्यासाठी आमच्याकडे एक पद्धत आहे, माझ्याही आधीपासूनची. अर्धवट वाचलेलं पुस्तक त्याच्या जागीच उलटं ठेवायचं, म्हणजे नाव लिहिलेली बाजू आत आणि पानांची कड बाहेर. उलटं पुस्तक दिसलं की समजायचं, कुणाचं तरी वाचन चालू आहे. त्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, ग्रंथपालानेसुद्धा नाही. दोन महिने वाचक फिरकलाच नाही, तरच मी ते सरळ करते. एका पुस्तकाला मी या नियमातून सूट दिली होती, पण त्याचं पुढे सांगेन.

या वाचनाची नोंद मी कधीच ठेवली नाही. वही नाही, शिक्का नाही. लोक वाचतायत हे डोळ्यांना दिसत होतं, ते लिहायचं कशाला, असं मला वाटायचं. ही चूक माझी होती, ती मी कोणाच्या माथी मारत नाही.

तपासणीचं पत्र आलं आणि खालची सही बघून माझं डोकंच फिरलं. सही माझ्या धाकट्या भावाची होती. तो राजधानीत मोठ्या हुद्द्यावर आहे हे माहीत होतं, पण नक्की काय करतो हे मी कधी खोदून विचारलं नव्हतं. लगेच फोन लावला.

“धाकट्या, हा पंचवीसचा आकडा कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाला?”

“माझ्या,” तो म्हणाला. “ताई, काहीतरी मोजावं तर लागतंच ना. घरी नेलेली पुस्तकं मोजता येतात.”

“आणि तू रे? तू कधी एक तरी पुस्तक घरी नेलंस का?”

आमच्या घरी एकच खोली होती आणि त्यात वडिलांचं शिलाई मशीन दिवसभर खडखडायचं. हा शाळेतून थेट माझ्या ग्रंथालयात यायचा आणि दिवे मालवेपर्यंत हलायचा नाही.

“गुरुवारी अकराला येतो,” तो म्हणाला. “दुसरं कोणी आलं असतं तर तुला त्रास झाला असता, म्हणून मीच मागून घेतलं. संमतीच्या फॉर्मवर तुझी फक्त सही लागेल. नोकरीची काळजी करू नकोस, कपाटांची देखरेख तुझ्याकडेच राहील.”

“म्हणजे या वयात मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसथांब्यांवर फिरू?”

“त्या कपाटांना किल्ल्या नसतात गं.”

मी फोन आपटला.

पण मला भीती नव्हती. उलटी पुस्तकं हे माझं हुकमाचं पान होतं. ग्रंथालयातल्या कुठल्याही कपाटासमोर उभं राहा, दहा-बारा तरी उलटी दिसायचीच. म्हटलं, येऊ दे. हाताला धरून त्याला रांगांमधून फिरवीन आणि विचारीन, आता सांग, इथे कोणी वाचत नाही का?

गुरुवारी साडेनऊला पोहोचले तर दार उघडं. आत टपालकाका, परिचारिका, इलेक्ट्रिशियन आणि आणखी सात-आठ जण हातात फडकी घेऊन घामाघूम झालेले. टपालकाका म्हणजे निवृत्त पोस्टमन. सकाळची वर्तमानपत्रं तेच लावतात, म्हणून एक किल्ली त्यांच्याकडे असते.

“बाई, बघा!” ते छाती पुढे काढून म्हणाले. “साहेबांनी एक बोट दाखवलं तर नाव बदलीन. सात वाजल्यापासून लागलोय.”

जमीन चकचकीत होती. खिडक्यांच्या काचा आहेत की नाहीत कळत नव्हतं. मग मी कपाटांकडे पाहिलं. एकूण एक पुस्तक सरळ होतं.

“काका, उलटी पुस्तकं कुठायत?”

“केली की सगळी सरळ! चाळीस वर्षं टपाल लावलंय बाई. पत्ता कसा समोर दिसला पाहिजे. इतकी वर्षं तुमच्या नियमामुळे गप्प होतो, पण आज म्हटलं, साहेब येणार, असा गबाळेपणा नको.”

मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर मी कारण सांगितलं. काकांच्या हातातलं फडकं खाली पडलं आणि ते खुर्चीत बसले ते मान खाली घालूनच. मला त्यांची दया आली, पण त्याहून जास्त राग आला होता, त्यामुळे त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

धाकटा अकराच्या ठोक्याला आला. अंगात कोट, काखेत फाइल. मला वाकून नमस्कार करायला गेला, मी म्हटलं, आधी काम. टेबलांवर चाळीसेक लोक परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते. त्याने देवघेवीची नोंदवही उघडली, पानं उलटली आणि हळूच म्हणाला, “अकराच आहेत, ताई.”

मी त्याला उलट्या पुस्तकांबद्दल सांगू लागले. त्याला सांगायची गरज नव्हती, तो त्याच पद्धतीत वाढला होता. तो उठून एकेका रांगेतून फिरून आला.

“एकही दिसत नाही. जे दिसत नाही ते मी कसं लिहू?”

तो खोटं बोलत नव्हता. म्हणूनच माझ्या डोक्यात सणक गेली. माझ्या पाठीमागे ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे, माझ्याच अक्षरातली. तिच्याखाली उभी राहून मी आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत ओरडले.

“उठा सगळे! आपापलं पुस्तक उलटं करा!”

आधी परिचारिका उठली. तिसऱ्या रांगेत गेली, वरून दुसऱ्या फळीवर हात घातला, एक पुस्तक काढलं, फिरवलं आणि परत ठेवलं. तिला शोधावंही लागलं नाही. मग इलेक्ट्रिशियन उठला. मग सगळेच उठले. खुर्च्या सरकल्या, रांगांमध्ये गर्दी झाली, “जरा सरका”, “अहो ते माझं, तुमचं पलीकडे” असं सुरू झालं. कुणाचं एक होतं, कुणाची तीन-तीन होती.

“कोणीही उठून कुठलंही पुस्तक फिरवेल, ताई,” धाकटा म्हणाला.

“मग विचार की.”

त्याने परिचारिकेला थांबवलं. “तुम्ही कुठपर्यंत वाचलंय?”

“पान एकशे बारा,” ती म्हणाली. “बायको घर सोडून गेलीय आणि या शहाण्याला अजून पत्ताच नाही. दोन दिवसांपासून मला झोप नाही त्या माणसापायी.”

त्याने ते पुस्तक काढून एकशे बारावं पान उघडलं आणि तिथल्या तिथे चार ओळी वाचल्या. मान हलवून पुस्तक परत ठेवलं. सरळ ठेवलं, तशी तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने ते उलटं केलं. त्याने आणखी सहा जणांना विचारलं. सहाही जणांनी पुस्तक न उघडता सांगितलं. एका म्हाताऱ्याने तर विचारलं नसताना पुढे काय होणार याचा अंदाजही सांगितला.

तोवर इलेक्ट्रिशियन कोपऱ्यात फोनवर बोलत होता. “बाई ओरडतायत रे. हो, आपल्या बाई! काम टाक आणि ये.” बारा वाजता माणसं येऊ लागली. दुकानाचं शटर अर्धं ओढून एक बाई आली, हाताला ग्रीस लागलेला मेकॅनिक आला आणि दोन्ही कोपरांत धरून पुस्तक फिरवून गेला. टपालकाका सगळ्यांत शेवटी उठले. त्यांचं पुस्तक खालच्या फळीवर होतं. गुडघे धरून वाकले आणि उलटं केलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्यांना पाणी आणून दिलं.

धाकट्याने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि स्वतः मोजलं. दोनदा मोजलं. एकशे त्रेचाळीस.

“आता लिही,” मी म्हटलं.

“फॉर्ममध्ये याला रकाना नाही.”

“मग काढ रकाना. पट्टी देऊ का?”

“ताई, धोरण मंजूर झालंय. मी समासात लिहीन, वर सांगीन, भांडेनसुद्धा. पण आज मला तुझी संमती घेऊनच जायचंय. नाही दिलीस तर तुझ्यावर चौकशी लागेल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, कशाला हा हट्ट?”

“लागू दे चौकशी. जो येईल त्याला बसायला इथे खुर्ची आहे. तुझ्या कपाटात कुठे बसवशील त्याला?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. धाकट्याचे कान लाल झाले. लहानपणीही असेच व्हायचे.

“दे तो फॉर्म,” मी म्हटलं.

सही करणार असं वाटून त्याने पेनही पुढे केलं. पेन मी घेतलं नाही. फॉर्म घेऊन शेवटच्या रांगेत गेले आणि खालच्या फळीवरून पुलांच्या बांधणीवरचं एक जाड पुस्तक काढलं. ते काकांनी आज सकाळी सरळ केलं होतं. त्याआधी एकतीस वर्षं ते उलटं होतं. मध्ये तिघांनी मागितलं, तिघांनाही मी दुसऱ्या ग्रंथालयातून प्रत मागवून दिली, पण याला हात लावू दिला नाही. पानांमध्ये निळ्या कापडाची एक चिंधी होती, वडिलांच्या मशीनखाली पडलेल्या कतरणांतली. राजधानीला शिकायला जाण्याच्या आदल्या दिवशी धाकट्याने ती तिथे घातली होती. “सुट्टीत येऊन संपवतो” म्हणाला होता. सुट्ट्या आल्या तशा गेल्या.

मी फॉर्मची घडी घातली, चिंधीच्या शेजारी ठेवली आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं.

“हे एकशे चव्वेचाळिसावं,” मी म्हटलं. “याचा वाचक एकतीस वर्षं आला नाही. पण मी त्याला बंद खात्यात टाकलं नाही.”

त्याने पुस्तक उघडलं. चिंधी बोटांत धरली. उभ्याउभ्याच वाचू लागला, एक पान, मग दुसरं. पाटीवर लिहिलेली शांतता खोलीत परत आली. मग त्याने चिंधी दोन पानं पुढे सरकवली, तिच्याशेजारी तो कोरा फॉर्म नीट बसवला, पुस्तक मिटलं आणि वाकून खालच्या फळीवर ठेवलं. नाव आत, पानं बाहेर.

“साहेब,” टपालकाका घसा खाकरून म्हणाले, “आता त्याला तुमच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. नियम आहे.”

“माहितेय, काका,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “दोनशे सहा पानं राहिलीत.”

“घरी नेता येणार नाही,” मी म्हटलं. “इथेच बसून वाचावी लागतील.”