कम्युनियनचा शनिवार

बर्नी ऑक्टोबरात गेली. फेब्रुवारीत क्लबच्या बैठकीत विषय निघाला, की आठ वर्षांखालच्या मुलांचं आता काय करायचं. आयर्लंडमधलं क्लूना गाव लहान. मुलं जेमतेम एक संघ उभा राहील एवढीच. त्यांना हर्लिंग, म्हणजे काठी-चेंडूचा तिथला जुना खेळ, शिकवायचं काम बर्नी कितीतरी वर्षं एकटी करत होती आणि तिच्या जागी यायला कोणी तयार नव्हतं. ज्याला त्याला काम होतं, कोणाची पाठ दुखत होती. अध्यक्ष फिनबारने स्पष्टच सांगितलं, की माणूस मिळाला नाही तर मुलांना शेजारच्या ड्रमीनच्या क्लबात पाठवावं लागेल. तिथे मैदान चांगलं, मुलं भरपूर, शिकवणारेही भरपूर. एकदा तिकडे गेलेलं मूल परत येत नाही, हे बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मागच्या बाकावरून कोलमन ट्रेसी म्हणाला, "मी करतो."

सगळ्यांनी वळून पाहिलं. कोलमन म्हणजे बर्नीचा नवरा. साठीला टेकलेला, गाई पाळणारा, बोलण्यात कंजूष. तरुणपणी तो क्लूनाच्या संघात मागच्या फळीत खेळला होता आणि त्याला ओलांडून चेंडू नेणं अवघड होतं, एवढं जुन्या लोकांना आठवत होतं. पण लहान मुलांशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. त्यांना मूल नव्हतं. बर्नी मैदानावर असायची ती वेळ त्याची गाईंचं दूध काढायची, त्यामुळे ती मुलांना नक्की काय शिकवते तेही त्याने पाहिलं नव्हतं. फिनबारला हे सगळं माहीत होतं. तरी तो म्हणाला, की पोलिसांकडची तपासणी आणि नवख्या कोचांचा अभ्यासवर्ग एवढं केलंस की मुलं तुझी.

अभ्यासवर्ग नेमका ड्रमीनच्या सभागृहात होता. कोलमन आत शिरला तर पहिल्याच रांगेत जार्लथ क्युसॅक बसलेला. हा ड्रमीनचा. पूर्वी एका उपांत्य सामन्यात त्याच्या काठीने कोलमनची दोन बोटं मोडली होती. बोटं मध्ये आली, असं जार्लथचं म्हणणं होतं. तेव्हापासून दोघं गुरांच्या बाजारात एकमेकांना मान हलवून ओळख देत आणि तेवढ्यावर भागवत. जार्लथ आता नातीच्या संघाला हातभार लावायला म्हणून शिकायला आला होता.

शिकवणारी रिओना गार्व्ही तिशीतली, काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याच्या क्रीडा मंडळाकडून, आलेली. तिने प्रत्येकाला खरीखुरी मुलं देऊन दहा मिनिटं सराव घ्यायला लावला. बाकीच्यांनी कडेला उभं राहून बघायचं. कोलमनने त्याला स्वतःला लहानपणी शिकवलं होतं तसंच शिकवलं. मुलांना एका रांगेत उभं केलं, काठी कशी धरायची ते समजावून सांगितलं, पुन्हा सांगितलं, मग एक चेंडू ठेवला आणि एकेकाला पुढे बोलावून मारायला लावलं. रांगेच्या शेवटी एक पोरगी काठीने गवत उपटत बसली.

दहा मिनिटं संपल्यावर रिओनाने त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "त्या मुलीने चेंडू किती वेळा मारला, कोलमन?"

तो विचार करून म्हणाला, "तिचा नंबर आलाच नाही."

"मग ती आज हर्लिंग खेळली नाही. रांगेत उभी राहिली."

जार्लथला मोठ्यानेच बोलायची सवय. तो कडेला उभ्या जागेवरूनच म्हणाला, "अहो बाई, हा आयुष्यभर गोलपुढे खांबासारखा उभा राहिला. पोरांनाही तेच शिकवणार की."

सगळे हसले. कोलमनही थोडा हसला, कारण ते खोटं नव्हतं.

पुढच्या शनिवारांमध्ये तो बरंच शिकला. एक चेंडू ठेवायचा नाही, ढीगभर ठेवायचे. बोलायचं कमी. हे त्याला सोपं गेलं. आणि या वयात गुण मोजायचे नाहीत, आलेल्या प्रत्येक मुलाने पूर्ण वेळ खेळायचं, समोरचा संघ कमी पडला तर आपली मुलं त्याला द्यायची. हा शेवटचा नियम ऐकून कोलमनने जार्लथकडे पाहिलं आणि जार्लथने खिडकीबाहेर. रिओनाने दोघांना मुद्दाम एका जोडीत घातलं होतं. बोलायला लागतं म्हणून ते बोलायला लागले. आधी मैदानावर खुणेला ठेवायच्या शंकूंबद्दल, मग खताच्या भावाबद्दल. एकदा जार्लथने, बर्नीच्या दफनाला आलो होतो, मागे उभा होतो, असं सांगितलं. कोलमन म्हणाला, पाहिलं होतं.

वर्गाचं शेवटचं काम म्हणजे प्रत्येकाने आपल्या गावात एक ब्लिट्झ भरवायची. चार गावांचे संघ एका सकाळी एका मैदानावर, छोटेछोटे सामने. रिओना बघायला येणार होती. कोलमनने मे महिन्यातला दुसरा शनिवार धरला. तोवर गवत कापून होईल आणि वासरांची गडबड संपलेली असेल, असा त्याचा हिशेब. तिन्ही पाहुण्या क्लबांना तारीख सोयीची होती. पालकांनाही त्याने निरोप टाकला.

पालकांचा ग्रुप बर्नीच्या फोनवर होता. तो फोन कोलमन रोज रात्री चार्जिंगला लावत असे. निरोप त्याच फोनवरून जात, त्यामुळे पालकांच्या फोनवर नाव येई बर्नीचं. 'बुधवारी सराव. पाण्याची बाटली आणणे.' उत्तर कोणाचंच येत नसे, पण मुलं येत, म्हणून कोलमनला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ब्लिट्झच्या निरोपालाही उत्तर आलं नाही. तो आपला मैदानाच्या रेषा आखायच्या तयारीला लागला.

सरावाला मुलं येत होती हे खरं, पण ती त्याला सोडत नव्हती. बर्नी असं नव्हती करायला लावत, बर्नी आधी पकडापकडी घ्यायची, बर्नी शिट्टी नाही वाजवायची, असं चालू असे. साइव्ह नावाची एक दात पडलेली पोरगी तर त्याला रोज नवी चूक दाखवी. त्याने एकदा तिलाच विचारलं, मग कसं करायची ते सांग. तिने सांगितलं. त्या दिवशीपासून सराव जरा बरा होऊ लागला. तरी पालकांपैकी काही जण गाडीतून न उतरता लांबूनच बघत बसत, आणि ड्रमीनमध्ये जागा आहे असं आपापसांत बोलत, हे फिनबारने त्याच्या कानावर घातलं होतं. पहिली ब्लिट्झ कशी होते ते बघू आणि मग ठरवू, असं त्यांचं चाललं होतं.

ब्लिट्झला दोन दिवस उरले असताना साइव्हची आई ग्रॉन्या गोठ्यापाशी आली. दुधाचं मशीन चालू होतं. तिने ते बंद व्हायची वाट पाहिली.

"कोलमन, शनिवारी पहिलं कम्युनियन आहे."

"कोणाचं?"

"सगळ्यांचं. दुसरीतल्या सगळ्या मुलांचं. साइव्हचा ड्रेस दोन महिने कपाटात टांगलाय."

कोलमनने हातातली बादली खाली ठेवली. संघातली मोठी मुलं म्हणजेच दुसरीची मुलं, आणि ती सगळी त्या सकाळी चर्चमध्ये आयुष्यातला पहिला पवित्र प्रसाद घ्यायला जाणार. उरत होती ती पहिलीतली आणि त्याहून लहान, आणि ती एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती.

त्याने विचारलं, की महिन्याभरात एकानेही का सांगितलं नाही.

ग्रॉन्याला बोलणं जड जात होतं. ती म्हणाली, "त्या नंबरला उत्तर कोण देणार? तिचं नाव येतं हो फोनवर. मी चारदा लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं. मला वाटलं दुसरं कोणी सांगेल. दुसऱ्यांना वाटलं मी सांगेन." मग ती म्हणाली, "बर्नी जानेवारीतच शाळेत जाऊन तारीख विचारून यायची."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं माहीत असणार."

ती तसं बरं वाटावं म्हणूनच बोलली होती, पण ती गेल्यावर तेच वाक्य त्याला जास्त लागलं.

फिनबार म्हणाला, रद्द कर. पण दोन दिवसांवर आलेली ब्लिट्झ रद्द करणारा कोच म्हणजे पालकांना हवं ते कारणच मिळालं असतं. आणि यजमान गावालाच संघ उभा करता आला नाही, तर तेही तेच. कोलमनने दूध काढणं पुरं केलं, हात धुतले आणि गाडी काढून ड्रमीनला गेला.

जार्लथ अंगणात ट्रॅक्टरखाली आडवा पडला होता. नुसते बूट दिसत होते. कोलमनने त्या बुटांनाच सगळं सांगितलं. 

"म्हणजे," जार्लथ खालून म्हणाला, "एक कॅथलिक माणूस, चर्चच्या भिंतीला लागून मैदान, आणि तू कम्युनियनच्या दिवशी ब्लिट्झ ठेवलीस."

"ठेवली."

"फादरना सांगितलंस?"

"अजून नाही."

जार्लथ बाहेर आला आणि हात पुसत बसला. हसला नाही. "किती पाहिजेत?"

"तीन-चार दे. क्लूनाच्या शर्टात खेळतील अशी."

"शर्टावर त्यांच्या आया काय म्हणतील ते मी बघतो," जार्लथ म्हणाला. "पण एक ऐक. ही पोरं नंतर आमचीच. आणि तुझी पोरं तुझ्याकडे राहिली नाहीत तर ती आमच्याकडे येणार, तेव्हा मी नको म्हणणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

"म्हणू नकोस," कोलमन म्हणाला. त्याहून सरळ बोलणं त्यांच्यात कधी झालं नव्हतं.

शनिवारी ऊन होतं. चर्चमधली मिस्सेची प्रार्थना अकराची, ब्लिट्झही अकराची. जार्लथ चार मुलांना घेऊन आला. त्यात त्याची नात एव्हा. कोलमनने क्लूनाचा लाल शर्ट पुढे केला तर ती हात मागे घेऊन उभी राहिली.

"आजोबा, हा लाल आहे."

"दिसतोय मला."

"बाबा बोलतील."

"तुझा बाबा या रंगाकडून आयुष्यभर हरत आलाय, तो काय बोलणार? घाल."

पहिले दोन सामने बरे गेले. लाल शर्टातली ड्रमीनची उसनी मुलं जोरकस होती. क्लूनाची चिमुरडी त्यांच्यामागे मधमाश्यांसारखी धावत होती. ओरन नावाचा पाच वर्षांचा एक जण सबंध सामन्यात चेंडूकडे पाठ करून रिओनाशी गप्पा मारत होता. रिओनाने कागदावर काही लिहिलं. कोलमनने तिकडे बघायचं टाळलं. कडेला पाहुण्या गावांचे पालक होते, क्लूनाचं जवळजवळ कोणीच नव्हतं. सगळे भिंतीपलीकडे चर्चमध्ये.

मग मिस्सा सुटली. भिंतीपलीकडे फोटो काढणं सुरू झालं, आजीआजोबांचे आवाज आले. तेवढ्यात भिंतीवर एक पांढरी बाहुली दिसली. साइव्ह होती ती. डोक्यावर जाळीची ओढणी, अंगात गॉलवे शहरातल्या दुकानातून आणलेला झालरीचा ड्रेस.

"कोलमन, आमचा शर्ट त्यांनी का घातलाय?"

"तुम्ही नव्हता म्हणून."

"आता आलोय की," ती म्हणाली आणि भिंतीवरून खाली उतरली. तिच्यामागून सूट घातलेली मुलं, आणखी दोन पांढरे ड्रेस. पलीकडून ग्रॉन्याचा आवाज आला, साइव्ह, खबरदार. मग आया आल्या फाटकातून, उंच टाचा मऊ मातीत रुतवत.

कोलमनपुढे आता उलटाच प्रश्न उभा राहिला. मुलं दुप्पट झाली होती. स्वतःच्या गावची मुलं, ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती काठ्या मागत होती. आणि लाल शर्टातली ड्रमीनची पोरं त्याच्याकडे बघत होती, आपल्याला आता काढणार हे समजून. एव्हा शर्ट डोक्यावरून काढायलाही लागली होती. कडेला क्लूनाच्या आया बघत होत्या. जार्लथ बघत होता.

"शर्ट राहू दे अंगात," कोलमन एव्हाला म्हणाला. "तू बोलावल्यावर आली आहेस."

मग त्याने शंकूंचा गठ्ठा उचलला आणि रिकाम्या कोपऱ्यात भराभर दुसरं छोटं मैदान आखलं. हेल्मेट आणि काठ्या क्लबच्या खोलीतून आणायला जार्लथला पिटाळलं. मुलांची सरमिसळ करून चार संघ केले. क्लूना, ड्रमीन, सूट, झालरी, सगळं एकत्र. ग्रॉन्यापाशी जाऊन तो म्हणाला, "ड्रेसवरून मोठा शर्ट घालतो. खालची झालर उघडी राहील, पण वाचेल तेवढा ड्रेस वाचेल. नाही म्हणालीस तर मी तिला समजावतो."

ग्रॉन्याने लेकीकडे पाहिलं. लेक हेल्मेट घालूनही बसली होती, ओढणीसकट.

"ओढणी तरी काढ, कार्टे," ती म्हणाली.

ते सामने कसे झाले याचं वर्णन करायला तसं काही नाही. सगळे खेळले, ओरनसुद्धा. एकदा त्याच्या काठीला चेंडू लागला, तेव्हा तो एवढा घाबरला की काठी टाकून पळाला. आजोबा लोकांनी सुटाचे कोट काढून कुंपणावर टाकले आणि ओरडून मोठमोठे सल्ले दिले. रिओनाने त्यांना दोनदा गप्प केलं. फादर झगा बदलून आले, कडेला उभे राहिले, आणि मग साइव्हच्या एका फटक्यावर टाळी वाजवून बसले. कोलमन दोन्ही मैदानांच्या मधे उभा होता. बर्नी असती तर तिने हा गोंधळ होऊच दिला नसता, हे त्याला माहीत होतं. झाल्यावर ती काय म्हणाली असती, ते मात्र त्याला माहीत नव्हतं, आणि विचारायला घरी कोणी नव्हतं.

दुपारी मैदान रिकामं होऊ लागलं. रिओना जाताना म्हणाली, ओरनला माझ्यापासून लांब ठेवायला हवं होतं, बाकी ठीक. एव्हाने शर्ट परत केला, तोही नीट घडी घालून. जार्लथने बाजारातल्यासारखी मान हलवली, मग थांबून कोलमनच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला.

ग्रॉन्या सगळ्यांत शेवटी आली. साइव्ह तिचा हात धरून होती. झालरीची खालची पट्टी मातीत लडबडून हिरवी-काळी झाली होती.

कोलमन म्हणाला, धुलाईचा खर्च मी देतो.

"धुवून निघायचं नाही ते," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी धाकटीला हाच घालायचा होता. आता दुसरा घ्यावा लागेल."

कोलमन वाकून ती पट्टी बघू लागला.

"आणि पुढच्या वर्षी तारीख ठरवायच्या आधी शाळेत विचारा," ग्रॉन्या म्हणाली. "धाकटी तेव्हा तुमच्याकडेच असेल. तिचं कम्युनियन मला नीट करायचंय."

"विचारतो," कोलमन म्हणाला.

साइव्हने विचारलं, बुधवारी सराव आहे ना. तो म्हणाला, आहे, आणि पाण्याची बाटली आण. ग्रॉन्याने पर्समधून फोन काढला आणि त्याचा स्वतःचा नंबर मागितला. त्याला तो पाठ नव्हता. दोघांनी मिळून त्याच्या फोनमध्ये शोधला, तिने तो ग्रुपमध्ये घातला, आणि ती लेकीला घेऊन गाडीकडे गेली.