मोकळ्या बोटीचं वजन

बोटीत माणसं किती बसतात, असं कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल: बसवाल तितकी. माणूस मोठा दाटीवाटीचा प्राणी आहे. "सरका जरा" म्हटलं की बाकावर आणखी एकाची सोय होते, आणि लगेच त्याच्या मांडीवर त्याच्या पोराची. पण बसतात किती आणि सुखरूप परत येतात किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. त्यातला दुसरा काढणं हे मोजणीबाईचं काम होतं.

हे नाव तिला धक्क्यावरच्या लोकांनी ठेवलं होतं आणि त्यात कौतुकापेक्षा वैताग जास्त होता. सहलीच्या बोटी चालवणारा प्रत्येक जण तिच्यापुढे एकदा तरी हात जोडून उभा राहिला होता, "बाई, अजून दोघं तरी वाढवा" म्हणून. ती कधी कुणाला बधली नव्हती. आज मात्र समोर तिचा सख्खा धाकटा भाऊ उभा होता, आणि घरच्या माणसाची बोट तपासायची म्हणजे अवघड जागेचं दुखणं. तिच्या खात्यात बोटी तपासणारं दुसरं कुणी असतं तर तिने हे काम केव्हाच त्याच्या गळ्यात मारलं असतं. दुसरं कुणी नव्हतं.

"ताई, बारा," धाकटा म्हणाला. "बारा लिही आणि मोकळी हो. सहलीला येणारे गट बाराचेच असतात. त्याच्या खाली आलीस तर मी संपलो."

"बोट सांगेल तो आकडा."

"बोट बोलते होय?"

"तुझ्यापेक्षा खरं बोलते."

तो हसला. नोकरी सोडून त्याने ही जुनी बोट दूरच्या कुठल्याशा तळ्यावरून विकत आणली होती. वाटेत ट्रेलरचं टायर फुटलं, तेही रडतखडत बदललं. आणि आज दुपारी पहिली फेरी घरच्यांचीच होती: तो स्वतः, बायको, मुलगी ठकी, सासूबाई, मेव्हणे, त्यांची बायकापोरं, असे सगळे मिळून बारा. ठकी म्हणजे आत्याचा जीव की प्राण. सगळे एकाच घरात राहत असल्यामुळे पोरगी अर्धी आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढली होती. आपण आज जो आकडा काढू त्याच्या भरवशावर ठकी खोल पाण्यात जाणार आहे, हे मोजणीबाईच्या डोक्यातून सकाळपासून जात नव्हतं.

तिची पद्धत ठरलेली होती. वाळूची पोती, प्रत्येक पोतं एका भरल्या अंगाच्या माणसाच्या वजनाचं. एकेक पोतं बाकावर ठेवायचं आणि बोट किती खाली जाते ते बघायचं. बोटीच्या काठाखाली खडूची रेघ ओढलेली असे. पाणी रेघेला टेकलं की थांबायचं. तोवर जितकी पोती बसली तितकी माणसं. पोत्यांना ती आपल्या माणसांची नावं द्यायची. हे खात्याच्या नियमांत नव्हतं. तिला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या तपासनिसाने सांगितलं होतं, "पोत्याला पोतं म्हटलंस की हात सैल सुटतो. घरच्या माणसाचं नाव दे, मग बघ एक तरी जास्तीचं ठेववतं का."

पण आज पहिलं पोतं ठेवायच्या आधीच तिच्या कपाळाला आठी पडली. मोकळी बोट जास्तच खाली बसली होती. बनवणाऱ्याने मागच्या बाजूला वजनाची पट्टी ठोकलेली होती. त्या हिशेबाने पाणी जिथे लागायला हवं, त्याच्या बरंच वर लागत होतं. साधारण तीन माणसांइतकं. शिवाय बोट मागच्या डाव्या कोपऱ्याकडे किंचित कलली होती.

"आत काय ठेवलंयस रे?"

"हवा," धाकटा म्हणाला. "ती पण फुकटची."

तळाशी पाणी शिरलं असेल म्हणून तिने फळ्या उचलायला लावल्या. तळ ठणठणीत कोरडा. जुन्या बोटींत दोन तळांमध्ये फोम भरलेला असतो; तो वर्षानुवर्षं पाणी पिऊन जड होतो, आणि बहुतेक वेळा चोर तोच निघतो. तिने भोक पाडून तुकडा काढला, बोटांत दाबून पाहिला. कोरडा. इंजिन जागच्या जागी होतं, नांगर धक्क्यावर पडला होता, लाइफजॅकेटं अजून पिशवीतच होती.

पोती वाहायला आलेला हमाल कमरेवर हात ठेवून बघत होता. "बाई, वजन आहे पण वस्तू नाही," तो म्हणाला. त्याने ते गमतीत म्हटलं असावं, पण कुणी हसलं नाही. ऊन रखरखीत होतं, वारा अगदी पडला होता आणि पाण्यावर एक सुरकुती नव्हती. तरी बोटीचा दोर मधूनमधून ताणला जायचा आणि सैल व्हायचा, आत कुणी बसल्या बसल्या चुळबुळ करत असावं तसा.

अशा वेळी काय करायचं, याचं उत्तर तिच्या धंद्यात तयार होतं. मोकळ्या बोटीत जे वजन सापडतं ते बोटीचं. कुठून आलं, का आलं, हे खोदत बसायचं नाही. ते बोटीच्या नावावर टाकायचं आणि माणसं तेवढी कमी करायची. पाण्याला कारणं कळत नाहीत, वजन कळतं. आजवर या नियमाने तिला कधी दगा दिला नव्हता, म्हणून आजही तिने तोच धरला.

"घ्या, या विहीणबाई," ती हमालाला म्हणाली. "मधल्या बाकावर बसवा, मानाने."

"सासूबाईंना इतक्या सहज कुणी उचललेलं नाही आजवर," धाकटा पुटपुटला.

विहीणबाई बसल्या, वहिनी बसली, मेव्हणे बसले. मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या बाकावर ठेवलेलं पोतं मात्र खाली घसरलं. हमालाने ते पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. वाळूचं पोतं सहसा घसरत नाही. जिथे टाकाल तिथे म्हशीसारखं बसून राहतं. हमालाने तिसऱ्यांदा हात लावायला सरळ नकार दिला आणि ते पोतं पुढे नेऊन ठेवलं. नववं पोतं ठकीचं होतं. ते ठेवलं आणि पाणी रेघेला टेकलं.

आता एकच परीक्षा उरली होती. सहलीला आलेली माणसं जागेवर शहाण्यासारखी बसत नाहीत. एखादा पक्षी दिसला की "तो बघ, तो बघ" करत सगळी एका बाजूला धावतात. म्हणून सगळी पोती एका अंगाला रचून बोट किती कलते ते पाहावं लागतं. मोजणीबाईने ती डावीकडे रचायला लावली. बोट कलली, काठ पाण्याच्या अगदी जवळ आला. ती मोजपट्टी घेऊन वाकली.

आणि बोट सावरली. आधी थोडी, मग थांबून आणखी थोडी, मग शेवटची थोडी. गुडघ्यावर हात देत एकेका वयस्क माणसाने उठावं, बाकं धरत धरत उजवीकडे जावं आणि टेकावं, तशी. पोती जागची हलली नव्हती.

मोजणीबाईने मोजपट्टी मागे घेतली. बोट कधी आपण होऊन सावरत नाही. सावरतात ती आतली माणसं.

"पाहिलंस?" धाकट्याने टाळी वाजवली. "किती गुणी आहे! आपली आपण सांभाळून घेते."

"नऊ," ती म्हणाली. "तुला धरून नऊ."

"नऊ? ताई, मग तीन माणसं कुठं गेली?"

याचं उत्तर तिच्यापाशी होतं, पण ते दिवसाढवळ्या भावाला कसं सांगायचं? "आज घरच्यांना नेऊ नकोस," ती एवढंच म्हणाली.

"का? नऊला धोका आहे?"

"नाही. नऊला नाही."

"मग?"

मला भीती वाटते, हे कारण तिने आजवर कुणाच्या बोटीला लावलं नव्हतं. आकड्यात चूक नव्हती. धाकट्याचा चेहरा एवढासा झाला होता आणि त्या चेहऱ्यापुढे तिला जास्त बोलवेना. तिने नऊचा आकडा लिहून दिला.

दुपारी सगळी मंडळी आली. दोन मेव्हणे आणि एक मेव्हणी तोंडं फुगवून काठावर राहिले आणि थोड्या वेळाने रुसून आपल्या गाडीने निघूनही गेले. बाकीचे लाइफजॅकेटं चढवून बोटीत बसले.

"नऊ माणसांत एवढी दाटी!" विहीणबाई कुरकुरल्या. "जावईबापूंनी बोट आणली आहे की काडेपेटी?"

दाटी खरीच होती, कारण मागचा डावा बाक सगळ्यांनी मोकळा सोडला होता. तिथे बसू नका असं कुणीही म्हटलं नव्हतं. एकेक जण तिकडे वळला होता आणि "माफ करा" म्हणायला ओठ उघडावेत तसा जरासा घुटमळून पुढे सरकला होता. त्यांच्यापैकी कुणाला ते जाणवलंही नव्हतं. काठावरून मोजणीबाईला ते सगळं दिसलं. ठकीने हात हलवला, "आत्या, टाटा!" आणि बोट निघाली. पाणी बरोबर रेघेवर होतं.

ती फेरी होईपर्यंत मोजणीबाई तरंगत्या धक्क्यावर उभी होती. तिने जीव मुठीत धरला होता. ज्याला मानत नव्हती अशा प्रत्येक देवाला तिने साकडं घातलं: पोरगी परत येऊ दे, मग बोट फोडून टाकायला लावते. बोट लांब गेली, वळली, आणि हळूहळू मोठी होत परत आली. सगळी हसत होती. ठकीला उचलून धक्क्यावर घेताना तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

एकेक जण उतरत गेला तशी बोट वर येत गेली. शेवटी धाकटा उतरला. मोजणीबाईने सवयीने पाण्याकडे बघितलं. बोट वर येतच होती. एक हिसका. थोडं थांबून दुसरा. मग तिसरा. आणि प्रत्येक हिसक्याबरोबर तिच्या पायाखालचा धक्का थोडा दबला.

आता पाणी नेमकं पट्टीच्या हिशेबाने लागत होतं. बोट सरळ उभी होती, पिसासारखी हलकी.

"ताई!" धाकटा ओरडला. "अगं बघ, बघ! कुठे आहे तुझं ते जास्तीचं वजन? आता बारा लिही!"

ती बोटीकडे बघत नव्हती. धक्का पिंपांवर तरंगणारा होता, आणि ती पिंपं काठाच्या दिशेने एकामागून एक दबत, पुन्हा वर येत चालली होती, ठकी आणि तिची आई ज्या वाटेने नुकत्याच गेल्या त्याच वाटेने. मोजणीबाईला आपली चूक कळली. तिने जे बोटीच्या नावावर टाकलं होतं, ते बोटीचं नव्हतं. बोटीचं वजन काठ आल्यावर उतरत नाही. उतरतात ते प्रवासी. त्यांना जायचं कुठे आहे, हे तिने मनातल्या मनातसुद्धा विचारलं नव्हतं.

ती धावली. भावाची गाडी झाडाखाली उभी होती. आत वहिनी, विहीणबाई आणि ठकी, तिघीच. उरलेले मागच्या रस्त्याने बसथांब्याकडे चालत निघाले होते. गाडी मात्र मागून इतकी बसली होती की चाकं वरच्या पत्र्याला घासायला आली होती, त्यातही डावीकडे जास्त.

"टायरात हवा कमी दिसते," मागून आलेला धाकटा म्हणाला. "चल ताई, बस. जाता जाता भरू."

ठकीला खाली उतरवावं, बसने न्यावं, असं तिच्या मनात आलं. पण बसने गेली तरी पोरगी जाणार कुठे? घर तर तेच होतं.

"आत्या, ये ना," ठकी म्हणाली, "पण जागा नाहीये, मला मांडीवर घे."

विहीणबाई ठकीला घेऊन पलीकडच्या दाराला चिकटून बसल्या होत्या, बाकी मागची सीट रिकामी होती. मोजणीबाईने त्या रिकाम्या जागेकडे बघितलं नाही. ती दाराशी अंग चोरून बसली, दार ओढून घेतलं आणि ठकीला मांडीवर घेऊन घट्ट धरलं. पोरीचं वजन तिने जन्मापासून हातांनी तोललं होतं. आता तिने ते पुन्हा तोलून पाहिलं. ते नेहमीइतकंच होतं, आणि गाडी सुरू झाली तरी तिने हात सैल सोडले नाहीत.