आवाज कुणी ठरवायचा

पूर्णिमा लग्न होऊन मलकापूरला गेली, ते दोन हजार तेवीस साल. मे महिना होता. उचगावच्या घरात मागे तिची आई झुंबरबाई, थोरला भाऊ उदयसिंह आणि भावजय क्रांती अशी तीनच माणसे राहिली. लग्नाची गडबड सरली, पाहुणे पांगले, घर शांत झाले आणि मग त्या घरातली एक गोष्ट उघडी पडली. आई बोलायची आणि मुलगा उत्तर द्यायचा नाही.

झुंबरबाईंच्या गळ्याचे आदल्या वर्षी ऑपरेशन झाले होते. जीव वाचला, पण आवाज बारीक झाला. पूर्वी त्यांनी अंगणातून हाक मारली तर कोपऱ्यावरचा किराणावाला ओ देत असे. आता समोर बसलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढाच आवाज उरला होता. तरी सुनेशी त्यांचे बोलणे व्यवस्थित चाले, शेजारणींशी चाले. मुलगा मात्र जेवायला समोर बसून ताटात बघत राही. म्हशीची पेंड संपली, असे दोनदा सांगितले तरी तो भाकरी मोडत राही. तिसऱ्यांदा सांगायला झुंबरबाईंचा स्वभाव आडवा येई.

शेवटी त्यांनी मुलाशी थेट बोलणे सोडले. तो दोन हातांवर बसलेला असताना त्या सुनेला म्हणत, "तुझ्या नवऱ्याला सांग, पेंड संपलीय." क्रांती मग मोठ्याने सांगे आणि उदयसिंह लगेच म्हणे, "मग आधी बोलायचं की!"

त्याची तक्रार उलटी होती. या घरात सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात, असे तो म्हणे.

वाचकहो, असे घर आपल्या गल्लीतही असेल. आपण काय म्हणतो? धंदा चालायला लागला, पोराच्या डोक्यात हवा गेली, म्हातारीला विचारत नाही. उचगावातही लोक तेच म्हणत होते. झुंबरबाईंनाही हळूहळू ते पटले. जुलैमध्ये त्यांनी सुनेला सांगून टाकले, की गौरी-गणपती झाले की त्या गडहिंग्लजला भावाकडे कायमच्या राहायला जाणार. "माझा भाऊ गुंडू गरीब हाय," त्या म्हणाल्या, "पर इचारलं तर उत्तर तरी देतोय." लुगड्यांची पिशवी त्यांनी भरूनही ठेवली. क्रांतीने हे नवऱ्याला सांगितले तेव्हा तो खरोखर गोंधळला. "मी काय केलंय तिला?" एवढेच त्याने विचारले.

उदयसिंहाचा साऊंडचा धंदा होता. बारा वर्षे तो लग्नाला, हळदीला, वाढदिवसाला आणि गणपतीच्या मिरवणुकीला पेट्या लावत होता. खाली धडधडणारे बेस, वर बारीक सुरांचे टॉप आणि त्यांना ताकद पुरवणारे अँप, असा त्याचा संच. दर एक-दोन वर्षांनी तो जुन्या पेट्या काढून मोठ्या घेई. त्या वर्षी तर टॉप तीन वेळा जळले. आतला पातळ पापुद्रा, जो थरथरून आवाज काढतो, तो काळा पडून निघे. त्यात गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष आदर्श मागे लागला होता. विसर्जनाला समोरच्या मंडळापेक्षा पेट्यांची उंच भिंत उभी करायची, असे त्याने पोरांना सांगून टाकले होते.

म्हणून एका गुरुवारी सकाळी उदयसिंह नवा संच निवडायला मंगळवार पेठेत बाबालालच्या दुकानी गेला. क्रांतीला सासूचे औषध घ्यायचे होते, म्हणून तीही मोटरसायकलवर मागे बसून आली. बाबालाल सत्तरीला आलेला माणूस. जळलेले स्पीकर उघडून त्यांना नवी तार गुंडाळायची आणि नवे संच जुळवून विकायचे, हे काम तो पस्तीस वर्षे करत होता. कोल्हापूर आणि आसपासच्या निम्म्या साऊंडवाल्यांनी धंदा सुरू केला तो त्याच्या पेट्यांवर.

"चाचा, टॉप लेचेपेचे निघाले," उदयसिंह म्हणाला. "अजून मोठे द्या. आणि अँप दुप्पट ताकदीचा. आवाजाला धारच ऱ्हायली न्हाय."

बाबालालने जळका पापुद्रा उजेडात धरून पाहिला. मिक्सरवर बारीक सुरांचे बटण कुठवर नेतोस, असे त्याने विचारले. पूर्ण, असे उत्तर आले. अँपवरचा लाल दिवा कधी पेटतो का, असे विचारले. तो पेटलेलाच असतो, असे उदयसिंह म्हणाला.  बाबालालने दुकानातला नवा संच जोडला, एक गाणे लावले आणि हवे तसे जुळवून घे म्हणून बाजूला झाला.

उदयसिंह मान पेटीकडे झुकवून बटण फिरवत राहिला. अजून थोडे, अजून थोडे. क्रांती पदर कानावर दाबून पायरीवर जाऊन उभी राहिली. समोरच्या चहावाल्याने गाडा दोन हात मागे ओढला. बाबालाल गाण्याकडे नव्हे, या माणसांकडे बघत होता.

त्याने गाणे बंद केले आणि स्पीकर तपासायचे एक लहान यंत्र काढले. त्यातून एक शिट्टी निघे आणि बटण फिरवले की ती बारीक बारीक होत जाई. त्याने नवरा-बायको दोघांना भिंतीकडे तोंड करून उभे केले. शिट्टी ऐकू येते तोवर हात वर ठेवा, थांबली की खाली घ्या, असे सांगितले.

"शाळंतला खेळ काढलासा व्हय, चाचा?" उदयसिंह हसला. तरी त्याने हात वर केला.

शिट्टी सुरू झाली. बाबालालने बटण सावकाश फिरवले. थोड्याच वेळात उदयसिंहाने हात खाली घेतला आणि वळला. झाले का, असे विचारणार तोच त्याला बायको दिसली. क्रांती भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचा हात वर होता.

"अगं, बंद झालं ते," तो म्हणाला.

"कुठलं बंद? केवढी कर्कश वाजतीय. डोकं उठलं माझं."

उदयसिंहाने यंत्राकडे पाहिले. आवाज चालू असल्याचे दाखवणारी सुई उभी होती आणि थरथरत होती. त्याने पुढे होऊन स्पीकरला कान लावला. मग दुसरा कान लावला.  क्रांतीने हात सावकाश खाली घेतला. शिट्टी थांबली नव्हती. क्रांतीला एकदम समजले होते.

"म्हणजे मी बहिरा झालोय?" उदयसिंहाने विचारले.

"बहिरा न्हाईस," बाबालाल म्हणाला. "बेस ऐकतोस, ट्रकचा हॉर्न ऐकतोस. बारीक तेवढं गेलंय. बायकांचं, पोरांचं बोलणं त्यातच असतंय, बेटा. मला तर ही शिट्टी धा वर्षं ऐकू आली न्हाय. मी सुई बघून धंदा करतो."

मग तो खुर्चीत बसला आणि त्याने जे सांगितले ते त्याने आधी कुणाला सांगितले नव्हते. संच घ्यायला येणारा प्रत्येक साऊंडवाला दर साली हेच म्हणतो, की गेल्या सालापेक्षा आवाज कमी लागतोय. पेट्या त्याच, अँप तोच. फरक पडलेला असतो तो कानात. "आन् आम्ही काय करतो? त्याला मोठा अँप देतो. पुढच्या साली त्याचा कान अजून जातो, तो अजून मोठा मागतो. ज्याला कमी ऐकू येतंय त्यानंच सगळ्या गावाचा आवाज ठरवायचा, असा आमचा धंदा हाय. पस्तीस वर्षं मी ह्योच करत आलो. तुला दोष देत न्हाय मी, उदय. माझा पहिला."

क्रांती सासूला आत्या म्हणे. ती नवऱ्याकडे बघून एवढेच म्हणाली, "आत्यांचा आवाज वरीसभर बारीकच हाय."

उदयसिंहाने त्या दिवशी काही घेतले नाही. सासूचे औषध घेऊन दोघे परतले. 

दोन दिवसांनी तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. बंद खोलीत बसवून त्याचे कान तपासले. कागदावर एक रेघ निघाली, जाड आवाजांच्या बाजूला सपाट आणि बारीक आवाजांच्या बाजूला उतरत गेलेली. गेलेले परत येत नाही, उरलेले जपता येईल, असे डॉक्टरने सांगितले. उजवा कान डाव्यापेक्षा थोडा बरा होता. मिरवणुकीत तो नेहमी पेट्यांच्या उजव्या अंगाला चालत असे, त्यामुळे भिंत डाव्या कानावर येई.

तो कागद घेऊन तो आईसमोर बसला. झुंबरबाई घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा फोडत होत्या.

"आई, मला ऐकू येत न्हाय," तो म्हणाला.

झुंबरबाईंनी कागदाकडे बघितले नाही. त्या सुनेला म्हणाल्या, "त्याला इचार, मोबाईल वाजल्याला बरा कळतोय मग."

क्रांतीने सासूला सगळे समजावले. झुंबरबाईंना ते पटेना. आजवर बहाण्यांचे कितीतरी प्रकार त्यांनी पाहिले होते. शेवटी त्यांनी आपल्या पद्धतीने खात्री करायची ठरवली. मुलाला त्यांनी खुणेने दाराकडे तोंड करून उभे केले. स्वतः चार हातांवर मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याच्या मेलेल्या बापाच्या नावाने एक अशी शिवी दिली, की एरवी ती ऐकून उदयसिंहाने घर डोक्यावर घेतले असते. क्रांती दचकली. उदयसिंह शांतपणे दाराबाहेर बघत उभा होता. झुंबरबाई एक पाऊल पुढे आल्या आणि पुन्हा तीच शिवी दिली. त्याची मान हलली नाही. "बोलली का गं ती?" त्याने बायकोला विचारले.

झुंबरबाई खाली बसल्या. टोपलीतल्या शेंगा कलंडल्या, त्या कुणी उचलल्या नाहीत. मग त्या उठल्या, मुलाच्या उजव्या कानाशी तोंड नेले आणि म्हणाल्या, "आणि मी म्हटलं, माझा पोरगा माझ्यावर रुसलाय."

गडहिंग्लजला त्या गेल्या नाहीत.

उदयसिंह पुन्हा मंगळवार पेठेत गेला तो बायकोला मुद्दाम बरोबर घेऊन. या वेळी संच क्रांतीने निवडला. एका जागी उंच भिंत उभी करायची नाही, असे बाबालालने सुचवले. आठ लहान टॉप, माणसांच्या डोक्यावर उंच, मांडवभर विखरून. म्हणजे पुढच्या रांगेचे कान फुटत नाहीत आणि मागच्या रांगेला कमी पडत नाही. बेस दोनच. अँप मात्र पेट्यांच्या गरजेपेक्षा ताकदवान, कारण अपुरा अँप ताणला की लाल दिवा पेटतो आणि पापुद्रा जळतो. ताकद जवळ ठेवायची आणि ती सगळी वापरायची नाही, हे ऐकून क्रांतीला हसू आले. नवऱ्याला हे लग्नानंतर लगेच सांगायला हवे होते, असे ती म्हणाली.

आदर्शला हे कळले तेव्हा तो पोरे घेऊन घरी आला. "दादा, मिरवणुकीत छातीत धडधडलं पाहिजे. तुमच्या ह्या पेट्यांनी कपातला चहा पण हलणार न्हाय."

"चहा हलवायला चमचा असतोय, आदर्श," उदयसिंह म्हणाला. मग त्याने कानाचा कागद दाखवला. आदर्शने तो पाहिला, वाईट वाटले म्हणाला आणि दुसऱ्या साऊंडवाल्याला सुपारी दिली. त्या वर्षीची मिरवणूक नेहमीसारखीच दणक्यात झाली. एका माणसाने शहाणे होऊन गाव बदलत नाही, हे इथे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

उदयसिंहाने काम करायची पद्धत मात्र बदलली. कार्यक्रम सुरू होण्याआधी क्रांती मांडवातल्या पहिल्या आणि शेवटच्या खुर्चीवर बसते आणि शेजारच्या बाईशी साध्या आवाजात बोलते. बोलणे झाले, म्हणजे आवाज बरोबर. तिथे मिक्सरवर पांढऱ्या टेपची पट्टी लावतात आणि उदयसिंहाचे बोट त्या पट्टीपुढे जात नाही. हळदीत पोरे येऊन आवाज वाढवा म्हणून हट्ट धरतात. तेव्हा तो म्हणतो, "मालकीण तिकडं बसल्यात. त्यांना इचार." तिच्याकडे जायला सहसा कुणी धजत नाही. बाबालालनेही दुकानात पाटी लावली आहे: संच घ्यायला येताना घरातले एक माणूस बरोबर आणावे.

नागरिक बंधूंनो आणि भगिनींनो, यातून घ्यायचे ते एवढेच. आवाज करणाऱ्याचा कान आधी जातो, म्हणून किती आवाज पुरे हे त्याला कळत नाही. ते त्याच्यावर सोडू नका. मांडवात, गल्लीत, मिरवणुकीत जे ऐकणारे आहेत, त्यांनी उठून सांगितले पाहिजे. आणि घरात कुणी उत्तर देत नसेल, तर त्याला गर्विष्ठ ठरवण्याआधी एकदा त्याच्या जवळ जाऊन बोलून पाहा.

त्यानंतर झुंबरबाई रोज संध्याकाळी मुलाच्या उजव्या हाताला बसत आणि दिवसभरातले सगळे त्याला सांगत. गळ्याचे दुखणे पुढच्या उन्हाळ्यात उलटले. ११ जून २०२४ रोजी, मंगळवारी सकाळी, उचगावच्या राहत्या घरी झुंबरबाई वारल्या.